मे महिना धरून जोडलेला कॉम्प्युटर

भाच्याने व्हॉट्सॲपवर यादी टाकली होती. वर प्रोसेसर, त्याखाली ग्राफिक्स कार्ड, मग रॅम, मग समोर अख्खी काच असलेलं आणि आत रंगीत दिवे लुकलुकणारं कॅबिनेट. सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून लिहावं तसं, 'एसएमपीएस – कॅबिनेटसोबत फ्री'. एसएमपीएस म्हणजे आतल्या सगळ्या पार्टांना वीज पुरवणारा डबा. पाठोपाठ फोन. "मामा, बघितली का यादी? एकदा घेतला की दहा वर्षं बघायचं काम नाही पाहिजे."

"मग यादी उलटी धर," मी म्हणालो. "खालून वर वाच."

बहिणीचं घर सेलूच्या अलीकडे एका खेड्यात आहे. कॉम्प्युटर ठेवायची खोली पत्र्याची. मे महिन्यात परभणीकडे ४२-४३ अंश ही काही बातमी नसते, आणि पत्र्याखाली दुपारी तीनला किती होत असेल ते मोजायला कुणी थांबत नाही. दिवाळीनंतर त्याच खोलीत भाव वाढायची वाट बघत कापूस पडलेला असतो. रब्बीत विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की संध्याकाळी ट्यूबलाईट तीनदा डोळे मिचकावून मग लागते. कॉम्प्युटरचे पार्ट कसे निवडायचे यावर सल्ले ढिगाने मिळतात, पण ते देणारे बहुतेक जण एसीच्या खोलीत बसलेले असतात. त्यांचा सल्ला खोटा नसतो. तो पत्र्याखालचा नसतो, एवढंच.

टिकण्याचा विचार करताना आधी एक फोड करून घेऊ. कॉम्प्युटर दोन तऱ्हांनी संपतो. एक तर तो बिघडतो: जळतो, बंद पडतो, कुरकुरत मरतो. नाहीतर तो मागे पडतो: यंत्र ठणठणीत असतं, पण नवी कामं त्याला झेपत नाहीत किंवा नवं सॉफ्टवेअर त्याला दारात उभं करत नाही. दुकानात सगळी चर्चा दुसऱ्या मरणाची होते. कोणती जनरेशन, किती कोअर, किती जीबी. आपल्याकडे मात्र कॉम्प्युटर बहुतेक वेळा पहिल्या मरणाने जातो, आणि त्या मरणाची दोनच मुख्य कारणं: ऊन आणि लाईट.

उन्हापासून सुरुवात करू. माठातलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा गार होतं, कारण पाझरलेलं पाणी वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. कॉम्प्युटरमधला पंखा म्हणजे माठ नव्हे. तो खोलीतली हवा प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांमधून ढकलतो. त्यामुळे कितीही भारी कूलर लावा, प्रोसेसर खोलीपेक्षा गार होऊ शकत नाही. खोलीपेक्षा तीस-चाळीस अंश वरच राहतो. २३ अंशांच्या खोलीत ज्या प्रोसेसरचं तापमान ६५ दिसतं, तो ४३ अंशांच्या खोलीत त्याच कामाला ८५ दाखवेल. प्रोसेसरचं त्याने फार बिघडत नाही. तो फारच तापला तर स्वतःहून वेग कमी करतो. मरतात ते त्याच्या शेजारचे छोटे कामगार.

त्यातला मुख्य म्हणजे कपॅसिटर. एसएमपीएस उघडलात तर आत छोट्या नळकांड्यांसारखे दिसतात ते. आत एक ओलसर रसायन असतं आणि ते हळूहळू वाळत जातं. त्यांच्यावर तापमान छापलेलं असतं, ८५ अंश किंवा १०५ अंश. कंपनी सांगते, समजा, १०५ अंशांवर २००० तास. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा जुना ठोकताळा असा, की तापमान दहा अंश उतरलं की आयुष्य दुप्पट, दहा अंश चढलं की निम्मं. हा हिशेब एकदा करून बघाच. तोच कपॅसिटर आत ६५ अंशांवर राहिला तर ३२ हजार तास; रोज आठ तास धरले तर अकरा वर्षांच्या आसपास. ८५ अंशांवर राहिला तर आठ हजार तास, म्हणजे पावणेतीन वर्षं. वीस अंशांच्या फरकात अकराचे तीन झाले. हिशेब ढोबळ आहे, पण आपल्याकडचे स्वस्त एसएमपीएस तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात का जातात ते यातून कळतं.

आणि एसएमपीएस एकटा जात नाही. भिंतीतले २३० व्होल्ट घेऊन आत १२, ५ आणि ३.३ व्होल्ट पुरवणं हे त्याचं काम. चांगल्या एसएमपीएसमध्ये काही बिनसलं की तो स्वतःला बंद करतो. हलका एसएमपीएस मरताना जास्त व्होल्टेज पुढे ढकलून जाऊ शकतो. माझा पहिला जोडलेला कॉम्प्युटर असाच एका मे महिन्यात गेला. टप्पकन आवाज, जळक्या प्लास्टिकचा वास, आणि सोबत मदरबोर्ड गेला, हार्ड डिस्क गेली. हार्ड डिस्कमध्ये बहिणीच्या लग्नाचे फोटो होते. तो विषय ती अजून काढते.

म्हणून एसएमपीएस घेताना खोक्यावरचं मोठं अक्षर सोडून बाजूचं लेबल वाचायचं. भाच्याला मी दुकानात उभं राहून फोटो पाठवायला सांगितला. समोर ठळक '५०० वॉट'. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॉट. आजचा कॉम्प्युटर जवळपास सगळी ताकद १२ व्होल्टवरूनच घेतो, तेव्हा त्या खोक्यातले कामाचे वॉट एवढेच. बाकीचे तीनशे म्हणजे पंगतीत वाढपी भात आहे, भात आहे म्हणत ओरडतो तसे. चांगल्या एसएमपीएसमध्ये १२ व्होल्टचा गुणाकार खोक्यावरच्या आकड्याच्या जवळ येतो.

दुसरी ओळ 'इनपुट'ची. काहींवर २००–२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, काहींवर १००–२४०. पुण्या-मुंबईत हा फरक कुणी बघत नाही. आपल्याकडे मोटारी चालू असताना घरात १७०-१८० व्होल्ट येतात, तिथे पहिला एसएमपीएस मधूनच बंद पडेल आणि दुसऱ्याला काही कळणारही नाही. मी शंभरवालाच घेतो.

तिसरी गोष्ट, ८० प्लसचं चिन्ह: ब्राँझ, गोल्ड वगैरे. ही योजना २००४ पासूनची. त्यातून फक्त वीज किती वाया जाते ते कळतं. निम्म्या भारावर मूळ चाचणीत ब्राँझला ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के कार्यक्षमता लागते. वाया गेलेली वीज उष्णता होऊन आतच फिरते, म्हणून गोल्ड बरा. पण ती मूळ चाचणी ११५ व्होल्टवर आणि २३ अंशांच्या आसपास होते. टिकाऊपणाचा तो दाखला नव्हे. त्यापेक्षा कंपनी पूर्ण वॉट किती अंशांवर द्यायची हमी देते ते शोधा. काही ४० अंश लिहितात, काही ५०. बरेच जण काहीच लिहीत नाहीत, तेही एक उत्तरच. पन्नासवाला घ्या. आणि वॉरंटी बघा. सात किंवा दहा वर्षं लिहून देणाऱ्याने आत हलका माल भरला तर नुकसान त्याचंच.

किती वॉटचा? इथे उलटी चूक होते. ग्राफिक्स कार्ड नसलेला, ६५ वॉटच्या वर्गातल्या प्रोसेसरचा घरगुती कॉम्प्युटर साध्या कामाला शंभर वॉटच्या आतच खेळतो. मधलं ग्राफिक्स कार्ड लावलं तर तीनशेच्या आसपास. चांगल्या प्रतीचा ४५० किंवा ५५० पुरेसा. त्याच पैशात येणारा हलका ७५० घेणं म्हणजे दोन एकराला दहा एचपीची मोटार बसवणं, तीही भंगारातली.

आता लाईट. तिचा खेळ तीन प्रकारचा असतो. कमी व्होल्टेजचं वर आलंच. दुसरा प्रकार जास्त वाईट. डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल तुटला की तीन फेजमधला तोल जातो; एका घरात बल्ब निखाऱ्यासारखा मिणमिणतो आणि शेजारच्या घरात २३० च्या जागी पार चारशेपर्यंत व्होल्टेज चढू शकतं. टीव्ही, फ्रिज, चार्जर, सगळं एका दमात जातं. यावर उपाय घराच्या मेनबोर्डजवळ बसवायचा असतो: व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की लाईन तोडणारा कटऑफ. कॉम्प्युटरसाठी म्हणून नका बसवू, घरासाठी बसवा.

तिसरा प्रकार म्हणजे कडकडाट. वीज घरावर पडायची गरज नसते. जवळपास पडली तरी तारांतून क्षणभराचा झटका येतो. स्पाईक गार्ड नावाचा एक्स्टेंशन बोर्ड हा झटका अर्थिंगकडे वळवतो. अर्थिंगच नसेल तर कुठे वळवणार? मग तो लाल दिवा लागणाऱ्या साध्या बोर्डापेक्षा थोडासाच बरा उरतो. ढग जमले की प्लग काढून ठेवणं हा अजूनही सगळ्यात स्वस्त उपाय. इंटरनेट तांब्याच्या तारेने येत असेल तर तीही काढा, कित्येक बोर्ड लॅनच्या तारेतून जळालेले असतात. फायबर काचेचा असतो, त्यातून करंट येत नाही.

अर्थिंगवर जरा थांबतो, कारण हा भाग कोणत्याच यादीत नसतो. कॅबिनेटच्या पत्र्याला किंवा मागच्या स्क्रूला हात लागला की हातात मुंग्या येतात, हा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे आणि लोक त्याला 'थोडासा करंट मारतो' म्हणून सोडून देतात. होतं असं: एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंधळ गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याला आणि एक न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेला. त्यांच्यातून झिरपणारा अगदी बारीक करंट अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावा अशी रचना आहे. अर्थिंग नसेल तर पत्रा मध्येच लटकतो, फेज आणि न्यूट्रलच्या बरोबर मधे, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट इतका थोडा, की माणसाला मुंग्यांपलीकडे काही होत नाही. पण मॉनिटरची वायर लावताना जी ठिणगी उडते ती याचीच, आणि एखादं पोर्ट घालवायला ती पुरते.

आपल्या काळ्या मातीत आणखी एक गंमत आहे. पावसाळ्यात ती ओल धरते तेव्हा अर्थिंग उत्तम चालतं. एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडल्या की मीठ-कोळशाचा खड्डाही कोरडा पडतो आणि जमीन करंट घेईनाशी होते. म्हणजे झटके वाढतात त्याच दिवसांत अर्थिंग झोपलेलं. भाच्याच्या घरी वायरमनला बोलावून फेज आणि अर्थिंगमध्ये शंभरचा बल्ब लावून बघितला. बल्ब जेमतेम लाल झाला. खड्ड्यात चार दिवस संध्याकाळी दोन-दोन घागरी पाणी ओतलं, बल्ब लख्ख लागला. (पाण्याची टंचाई असताना हे सांगायला जीभ रेटत नाही, पण भांडी विसळलेलं पाणी चालतं.) घरात ईएलसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळला की लाईन तोडणारा स्विच, बसवला असेल तर ही तपासणी करताना तो पडतो; पण तो अगदी थोड्या करंटलाही पडतो, म्हणून पडला म्हणजे अर्थिंग चांगलं आहे असं नव्हे. साध्या टेस्टरने यातलं काही कळत नाही.

एक इशारा. काही ठिकाणी खड्डा काढायचा कंटाळा म्हणून थ्री पिनच्या अर्थिंगच्या भोकात न्यूट्रलच जोडून देतात. मुंग्या थांबतात, सगळे खूश. ज्या दिवशी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी कॅबिनेटचा अख्खा पत्रा फेजला लागलेला असेल. हे आढळलं तर कॉम्प्युटर नंतर जोडा, आधी ते काढा.

यूपीएसबद्दल थोडक्यात. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो, ग्राफिक्स कार्डाविना भरपूर. काम सेव्ह करून बंद करण्यापुरती पाच-दहा मिनिटं मिळाली की झालं. त्याची बॅटरीही उन्हाला तशीच घाबरते. दोन-तीन वर्षांत बदलायची तयारी ठेवा आणि खिडकीखाली ठेवू नका. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे 'यूपीएस मोड'चं बटण असतं का बघा. लाईट गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर एका सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे १६-१७ मिलिसेकंद, दम धरतो. साध्या मोडवर इन्व्हर्टरला त्याहून जास्त वेळ लागला की कॉम्प्युटर पुन्हा सुरू होतो. आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा; स्क्वेअर वेव्हवर चांगले एसएमपीएस कधी कधी रुसतात.

आता ते काचेचं कॅबिनेट. समोर काच म्हणजे तोंडावर उशी. हवा आत येणार कुठून? समोर जाळी, जाळीमागे काढून झटकता येईल अशी गाळणी, आणि १२० मिलिमीटरचे पंखे लावायची जागा. १२० चं माप सगळीकडे मिळतं, सात वर्षांनी पंखा कुरकुरला तर परभणीतही मिळेल. आत हवा घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा. मग आत हवेचा हलका दाब राहतो आणि फटींमधून धूळ आत शिरण्याऐवजी हवा बाहेर येते.

आपली धूळ नुसती धूळ नसते. कापसाच्या खोलीतला कॉम्प्युटर मी जानेवारीत उघडलाय. प्रोसेसरच्या पात्यांमध्ये पांढरी गादी बसलेली, नखाने धरून ओढली तर अख्खी चिंधी निघून आली. पंखा जोरात फिरत होता आणि हवा एक इंचही पुढे जात नव्हती. गाळणी असती तर हीच गादी बाहेर दिसली असती. म्हणून भाच्याला पहिली अट घातली: कापूस आला की कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत, आणि जमिनीवर नाही, टेबलावर. झाडू मारताना उडणारी धूळ जास्त करून खालीच फिरते.

साफसफाईसाठी कॅबिनेट उचलून पंक्चरच्या दुकानात न्यायची पद्धत आहे. हवेचा जोर जबर असतो, पण त्या टाकीच्या तळाशी पाणी साचलेलं असतं आणि नळीतून फवाराही येतो. हातातला छोटा ब्लोअर घ्या, आणि हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. भरधाव फिरलं तर त्याचं बेअरिंग खराब होतं.

कॅबिनेटच्या मागे कार्डं लावायच्या जागी पत्र्याच्या पट्ट्या असतात. एखादं कार्ड काढलं की पट्टी परत लावायची कुणाला आठवण राहत नाही. तिथून पाल आत जाते. एसएमपीएसची ऊब तिला आवडते, मग दोन टोकांना एकदम पाय लागतो आणि दोघंही संपतात. हसू नका, वॉरंटीत पाल बसत नाही.

प्रोसेसर थंड ठेवायला पाण्याचा कूलर की हवेचा, हा प्रश्न टिकाऊपणापुरता सोपा आहे. पाण्याच्या कूलरमधला पंप कधी ना कधी थकतो आणि बंद नळ्यांतलं पाणीही वर्षानुवर्षं हळूहळू उडत जातं. हवेच्या कूलरमध्ये बिघडण्यासारखा एकच भाग, पंखा, तो बदलला की झालं. धातूचा ठोकळा आपल्याहून जास्त जगेल. तीन-चार वर्षांनी प्रोसेसर आणि ठोकळ्याच्या मधली पेस्ट बदलायची. आणि खोलीतला डेझर्ट कूलर थेट कॉम्प्युटरवर सोडू नका. बोअरच्या क्षाराचं पाणी त्याच्या झोतातून बारीक तुषार होऊन येतं.

पहिल्या मरणाचं एवढं. आता दुसरं, मागे पडण्याचं. यात प्रोसेसरच्या वेगाहून महत्त्वाचं एक उदाहरण देतो. विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षेचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. २०१७ च्या मध्यावर सातव्या पिढीचा उत्तम कॉम्प्युटर घेतलेल्या माणसाचं यंत्र आजही कुरकुर न करता चालतं, आणि तरी अधिकृतपणे तो दाराबाहेर. त्याच वर्षी दिवाळीपर्यंत थांबला असता तर आत. (तो लिनक्स टाकून अजून पाच वर्षं आरामात काढू शकतो, हेही खरं.) धडा साधा: शेवटची जुनी पिढी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. चालू पिढीतलं मधलं मॉडेल, मागच्या पिढीतल्या वरच्या मॉडेलपेक्षा, टिकायला बरं.

मग सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरचं प्रोसेसरचं बसायचं घर. एएमडीचं एएम४ हे सॉकेट २०१६ ला आलं, आणि २०१७ साली घेतलेल्या कित्येक बोर्डांवर नुसतं नवं बायोस, म्हणजे बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर, टाकून २०२२ चा प्रोसेसर बसला. एएम५ २०२२ पासून आहे आणि २०२७ नंतरही पाठिंबा देऊ असं कंपनीने सांगितलंय. इंटेलचं एलजीए १७०० २०२१ ला आलं, तीन पिढ्या चाललं आणि २०२४ ला नवं एलजीए १८५१ आलं. खरं सांगू का, घरगुती वापरात प्रोसेसर बदलणारे शंभरात चार निघत नसतील. माझं सॉकेट बघण्याचं कारण वेगळं: सहा वर्षांनी मदरबोर्ड गेला तर तसाच दुसरा मिळेल का? ज्या सॉकेटचे बोर्ड बाजारात खूप आणि खूप वर्षं विकले गेले, त्याचा जुना बोर्ड शोधायला सोपा. नाहीतर बोर्ड गेला म्हणून धडधाकट प्रोसेसर आणि रॅम पेटीत टाकावी लागते.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते हळूहळू खराब होत होते. २०२४ साली कंपनीने ते मान्य केलं, दुरुस्तीचा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर, दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. यातला एखादा जुना किंवा दुकानात पडून राहिलेला घेत असाल तर बोर्डवर नवं बायोस टाकल्याशिवाय घेऊ नका.

ग्राफिक्स कार्ड गेम, व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी काम नसेल तर घेऊच नका. तापणारी, धूळ खाणारी एक वस्तू कमी. मात्र प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स हवं. इंटेलच्या नावात शेवटी 'एफ' असेल तर ते नसतं, एएम४ मध्ये ते 'जी' लिहिलेल्यांतच असतं. कार्ड घेणार असाल तरी हे असू द्या. कार्ड दुरुस्तीला गेलं तर पडदा काळा राहत नाही.

रॅम १६ जीबी, दोन पट्ट्यांत. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलला आणि रॅमचे भाव सोयाबीनला कधी चढले नाहीत असे चढले. नेमकं घ्यायच्या वेळी भाव अंगावर येत असेल तर सध्या ८ जीबीची एकच पट्टी घ्या, पण बोर्डवर जागा रिकामी ठेवा. रॅम नंतर वाढवता येते. एसएमपीएसच्या बाबतीत असं 'सध्या हलका, नंतर चांगला' चालत नाही, कारण नंतर बदलायला काही शिल्लक राहील याची खात्री नसते.

एसएसडीबद्दल, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपांवर साठवणाऱ्या डिस्कबद्दल, लोकांना लिहून-लिहून झिजण्याची भीती असते. ५०० जीबीच्या बऱ्यापैकी एसएसडीला ३०० टेराबाइट लिहिण्याची हमी असते. रोज २० जीबी लिहिलं तरी एक्केचाळीस वर्षं. झिजून मरायला वेळ मिळत नाही, ती मरते आतली चिप बिघडून, तीही एका सकाळी न सांगता. हार्ड डिस्क निदान कटकट आवाज करून सांगते. म्हणून फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या हार्ड डिस्कवर हवीत, आणि ती डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडलेली नको. बॅकअप म्हणून एसएसडी कपाटात टाकून विसरू नका. आतला डेटा इलेक्ट्रॉनच्या साठ्यावर टिकतो. घरगुती एसएसडीसाठी ठरलेला निकष असा, की पूर्ण झिजल्यावरही ती ३० अंशांवर बंद स्थितीत एक वर्ष डेटा धरून ठेवील. कपाटात ३० अंश असलेले महिने आपल्याकडे किती, ते मोजा.

आणि पाच-सहा वर्षांनी कधीतरी कॉम्प्युटर चालू केल्यावर तारीख भलतीच जुनी दिसेल, वेबसाइट उघडणार नाहीत, कधी तो सुरूच व्हायला कां-कूं करेल. दुकानदार म्हणेल बोर्ड गेला. आधी मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्याएवढा सेल बदला, सीआर २०३२. पन्नास रुपयांच्या आत येतो.

शेवटी भाच्याच्या यादीतून ग्राफिक्स कार्ड आणि काच गेली. वाचलेल्या पैशातून ५० अंशांवाला एसएमपीएस, जाळीचं कॅबिनेट, यूपीएस आणि मेनबोर्डवरचा कटऑफ आला. तरी थोडे उरले. "मामा, एक तरी रंगीत दिव्याचा पंखा घेऊ का?" घे म्हणालो. दिवा करून करून किती उष्णता करणार.

एकच राहिलं, बिलं. प्रत्येक पार्टचं जीएसटीचं बिल वेगळं, त्यावर सीरियल नंबर लिहून घेतलेला, आणि खोकी माळ्यावर. पण दुकानातून मिळालेली छोटी बिलं थर्मल कागदावरची असतात. माळ्यावर पत्र्याखाली उन्हाळा काढला की अक्षरं पुसट होतात, नाहीतर कागदच काळवंडतो. त्याच दिवशी झेरॉक्स काढून ठेव म्हणून सांगितलंय. काढली का, ते अजून कळलेलं नाही.